फिल्मला ऊन दाखवणारे मालक

मंगळवार पेठेत आम्ही नवरा-बायको भाड्याने जागा बघत फिरत होतो तेव्हा प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "आडनाव काय?" मी आडनाव सांगायची आणि मालकांना एकदम आठवायचं की गावाकडचा पुतण्या शिकायला येणार आहे, खोली त्यालाच लागेल. तेवढे पुतणे त्या वर्षी खरोखर शिकायला आले असते तर कोल्हापुरातल्या शाळा-कॉलेजांत बसायला जागा उरली नसती. मी भडकायची आणि आमचे हे मला हाताला धरून पुढच्या दाराशी न्यायचे.

एका दारात मात्र वेगळाच प्रकार झाला. बनियन घातलेला एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. बोटं अशी पिवळी की नुकताच कुणाला तरी हळद लावून आलाय असं वाटावं. त्याने आमच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "चटणी घरात करता का डंकावर कांडायला नेता?"

"घरात," मी म्हटलं. "का?"

"मिरच्या भाजायच्या आधी मला आवाज द्यायचा. बाकी आपली काय अट न्हाय. सामान कवा आणताय?"

आडनाव त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर आहे एवढं कळल्यावर माझं नाव पडलं टेलिफोनबाई, आणि ते आमच्यासाठी नुसते मालक. दिवसभर ट्रंक कॉल जोडताना ओरडून ओरडून माझा आवाज असा झालेला की घरात भाजी चिरतानाही सगळ्या बोळाला ऐकू जायचा. मालकांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांचा जीव अडकलेला फक्त दोन गोष्टींत, धूळ आणि ठसका.

मालक फोटो धुवायचे. आता फोटो धुणारे कोल्हापुरात पुष्कळ होते, पण ह्यांची रीत सगळ्या दुनियेपेक्षा न्यारी. स्टुडिओवाला काय करतो? फिल्म धुतो, तिच्यावर उलटं चित्र येतं, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्या निगेटिव्हवरून मग कागदावर पाहिजे तेवढे फोटो काढून देतो. मालक निगेटिव्ह करायचेच नाहीत. कॅमेऱ्यात जी फिल्म घातली होती, तिचंच सरळ, सुलटं, काळं-पांढरं चित्र करायचे. तो बोटभर तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवला की झाली स्लाईड. मशीनमध्ये घालून भिंतीवर बघायची. कागद नाही, दुसरी प्रत नाही. आहे ते एवढंच.

तरुणपणी ते टॉकीजवाल्यांना मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या स्लाईडी करून द्यायचे. ते काम गेलं, बायको गेली, मुलगा नोकरीसाठी परमुलखात गेला, पण हा नाद काही गेला नाही. मी एकदा विचारलं, "मालक, सगळं जग निगेटिव्ह करतंय, तुम्हालाच काय खाज आहे?"

रागावले नाहीत. पिवळं बोट वर करून म्हणाले, "टेलिफोनबाई, तुमच्या तोंडावरनं जो उजेड निघाला त्यो सरळ ह्या पट्टीवर येऊन पडला. हीच पट्टी तुमच्या हातात दिली तर तुमचं तोंड दिलं. कागदावर उतरवलं की ती बातमी झाली. ह्यानं त्येला सांगितलं, त्येनं ह्येला."

मला ते पटलं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. पण माणूस हे सांगताना असा खुलायचा की त्याच्याशी वाद घालायला जीव धजायचा नाही.

घरातली न्हाणी म्हणजे त्यांची डार्करूम. मग मालक आंघोळ कुठे करायचे? अंगणातल्या नळाखाली, बारा महिने, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर. दोरीवर माझ्या साड्यांच्या शेजारी चिमटे लावून फिल्मच्या पट्ट्या टांगलेल्या असायच्या. त्या वाळेपर्यंत चादर झटकायची नाही, अंगण झाडायचं नाही. औषधांचाही सगळा जुगाडच. ॲसिड गाडीच्या बॅटरीवाल्याकडून, आणि नारंगी खडे कबनूरच्या एका दोस्ताकडून, त्याचं सूत रंगवायचं काम होतं. त्या खड्यांनीच बोटं पिवळी झालेली. साबणाने जात नव्हती, लिंबाने जात नव्हती. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांना विचारायचे, "पावणं, वरणात बोट बुडालं का काय?"

चटणीची अट मी पहिल्याच उन्हाळ्यात विसरले. अंगणात चूल मांडून मिरच्या भाजायला घेतल्या, आणि न्हाणीतून असा ठसका उठला की मला वाटलं माणूस जातो आता. दार उघडून मालक बाहेर आले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंकांवर शिंका, आणि दोन्ही हातांत फिल्म आणि औषध भरलेला झाकणबंद काळा डबा घट्ट धरलेला. एवढ्या शिंकांतही डबा ठरल्यासारखा उलटा करत होते, सुलटा करत होते. मी पाणी पुढे केलं तर मानेनंच नको म्हणाले. डबा हलवायचा थांबला की चित्रावर डाग पडतात म्हणे. शेवटी डबा रिकामा करून मालक पायरीवर बसले आणि म्हणाले, "चटणी झक्कास झालीया. वाटीभर द्या."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा.

पेठेतल्या एका मुलीसाठी स्थळ बघायचं चाललं होतं. तिच्या बापाला मालकांकडून फोटो फुकटात मिळणार म्हणून कोण आनंद. मिळाली स्लाईड! मध्यस्थ ती पानाच्या डबीत घालून मुलाकडे गेला. तिथे मुलाच्या आईने ती आभाळाकडे धरून बघितली, काकाने बल्बाशी धरून बघितली, आजीने चष्म्याला टेकवली. कुणाला काही नीट कळेना. शेवटी मुलाकडची सगळी मंडळी मालकांच्या घरी आली भिंत बघायला. खाली सतरंजी अंथरली, मी चहा केला. फोटोतल्या मुलीला बघायला आलेली माणसं खऱ्या मुलीच्या घरापासून दोन दारांवर बसली होती, आणि ती पोरगी आमच्या खिडकीतून त्यांनाच बघत होती. लग्न झालं. मालक म्हणाले, "कागदावर फोटो दिला असता तर मंडळी खिशात घालून गेली असती. हितं आली, बसली, बघितली." त्यांचं सगळं असंच. त्रास पडला पाहिजे, चार माणसं एकत्र बसली पाहिजेत, मगच ते बघणं.

आता कुस्तीचं सांगते.

डब्यात पहिलं औषध किती वेळ ठेवायचं यावर सगळा खेळ असतो. दुसरा कुणी घड्याळ लावेल. मालकांनी कधीकाळी खासबागेत एक कुस्ती बघितली होती, एक आपल्याकडचा पैलवान आणि एक पंजाबचा. औषध ओतलं की ते अंधारात ती कुस्ती सांगायला सुरुवात करायचे. सलामी झाली, खडाखडी झाली, पंजाबवाल्याने पट काढला की डबा एकदा उलटा. आपला खाली गेला, निसटला, पुन्हा उलटा. शेवटी आपल्या पैलवानाने धोबीपछाड मारून त्याला चीत केला की औषध ओतून टाकायचं. अक्षर न् अक्षर तेच. आमचे हे आणि मी ती कुस्ती न्हाणीच्या दाराआडून इतकी ऐकली की झोपेतसुद्धा सांगितली असती. उन्हाळ्यात औषध गरम, काम लवकर होतं, म्हणून पंजाबवाला पटकन चीत व्हायचा. थंडीत दोघे नुसते एकमेकांच्या मानेला झोंबत बसायचे, मला भाकरीला उशीर व्हायचा, पण निकाल लागायचा नाही.

माझे वडील, आबा, गावाकडून अधूनमधून यायचे. गारगोटीच्या शाळेत शिपाई होते, निवृत्त झालेले. खांद्यावर घोंगडी, उन्हाळा असो नाहीतर पाऊस, आणि तोंड माझ्यापेक्षा मोठं. पहिल्यांदा आले त्या दिवशी आत कुस्ती चालू होती. आबा अंगणात चहा पीत ऐकत होते. धोबीपछाड आली आणि आबांनी कप दाणकन खाली ठेवला.

"खोटं! बरोबरीत सुटलीती ती कुस्ती! म्या सोता बघितलीया!"

मग आतून आवाज आला, "कोन हाय त्यो?"

"टेलिफोनवालीचा बा हाय!"

"हातात डबा हाय म्हणून वाचलायसा!"

बाहेर आल्यावर जी जुंपली दोघांची! आबा म्हणायचे, अंधार पडला म्हणून पंचांनी सोडवली. मालक म्हणायचे, पाठ टेकलेली मी बघितली. आबांनी छाती ठोकून सांगितलं की पाठ नव्हती, खांदा होता. मालक कळवळून म्हणाले, "आवो आबा, बरोबरीत सोडली तर मी फिल्म धुवायची कशी?" दुसऱ्या दिवशी जायचं होतं ते आबा आठवडा राहिले.

त्याच आठवड्यात मालकांनी आबांना अंगणात पेरूच्या झाडाखाली बसवलं. कॅमेरा बघून आबा पुतळ्यासारखे ताठ झाले. मालकांनी कॅमेरा खाली घेतला आणि सहज म्हणाले, "कायबी म्हणा आबा, पाठ टेकलीती." आबा उसळले, बोट वर गेलं, डोळे मोठे झाले, आणि तेवढ्यात खटका दाबला. उरलेली फिल्म मालकांनी बोळातल्या मांजरांवर संपवली.

दुसऱ्या दिवशी ती फिल्म धुतली, आणि तेव्हाच तो प्रकार घडला.

मालकांच्या रीतीत अर्धं काम झालं की एक विचित्र पायरी येते. आधी उमटलेलं उलटं चित्र त्या नारंगी पाण्यात खाऊन टाकायचं. जे उरतं त्याला भरपूर उजेड द्यायचा, आणि मग दुसऱ्या औषधात टाकलं की सुलटं चित्र येतं. मालक त्याला 'ऊन दाखवणं' म्हणायचे. नव्या बाळंतिणीने मूल कोवळ्या उन्हात धरावं तसे ते ओली फिल्म हातांत धरून अंगणात फिरायचे. त्या दिवशी दुसरं औषध कालवायचं राहिलं होतं म्हणून त्यांनी फिल्म दोरीवर उन्हात टांगली आणि आत गेले.

आबा पायरीवर बसलेले. आमच्या भावाच्या लग्नात कुणीतरी कॅमेरा उघडला, लग्नाचा एकही फोटो निघाला नाही, आणि फोटोवाला सगळ्यांवर ओरडला होता, फिल्मला उजेड लागला की सगळं गेलं म्हणून. ते आबांच्या चांगलं लक्षात होतं. आबा उठले, धावले, खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्या ओल्या फिल्मवर घट्ट गुंडाळली. वर दोन्ही हातांनी दाबून धरून मला हाका मारू लागले, "आगं ये! तुझ्या मालकाचं ध्यान न्हाय! सगळी फिल्म उन्हात जळाली असती की!"

मी बाहेर आले आणि कपाळाला हात लावला. मालकही आले. आबा मोठ्या अभिमानाने म्हणाले, "वाचिवली बगा."

ओल्या फिल्मवरची, चित्र धरणारी साय कशी नाजूक असते हे मला एव्हाना कळलं होतं. नखाचा धक्का सहन होत नाही तिला, आणि ही तर धनगरी घोंगडी, काटेरी लोकरीची. मालकांचा चेहरा बघवेना. त्यांनी सावकाश घोंगडी सोडवली, फिल्म हातात घेतली, आणि मग पायरीवर बसून असे हसले, असे हसले की मला वाटलं मिरच्या कुणी भाजतंय का काय.

"आबा, आवो ती ऊन खात हुती. खाऊ दे की जरा तिला."

मांजरं सगळी खरवडून गेली. आबांचं चित्र मात्र वाचलं. फक्त छातीवर एक घोंगडीची लोकर आडवी चिकटून बसली, ती कायमचीच. संध्याकाळी मालकांनी भिंतीवर लावून दाखवलं. आबांनी आयुष्यात स्वतःला एवढं मोठं बघितलं नव्हतं. बराच वेळ बघून म्हणाले, "बोट बगा माझं. खरं बोलणाऱ्याचं बोट हाय." स्लाईड मालकांकडेच राहिली, कारण गावाकडे मशीन कुठलं? आईने ती बघितलीच नाही. म्हशी टाकून ती कुठे यायची?

वर्षं गेली. आम्ही स्वतःचं छोटं घर घेतलं, पण त्याच पेठेत, त्यामुळे मालकांच्या अंगणात माझं येणं-जाणं राहिलंच. ट्रंक कॉल संपले. फिल्मचे रोल मिळेनासे झाले, स्टुडिओवाल्यांनी डार्करूम मोडून कॉम्प्युटर मांडले. मालक मुंबईच्या एका ओळखीच्याकडून मुदत संपलेले रोल मागवून फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी ठेवायचे. पेठेतली माणसं त्यांना आता वेडाच म्हणायची, तेही तोंडावर.

आबा गेले. साधाच ताप आला होता. मला गावाकडे जाताना बसमध्येच कळलं.

आबांचा धड असा एकही फोटो घरात नव्हता. मतदार ओळखपत्रावर आबा म्हणून जो माणूस छापला होता तो आबा सोडून कुणीही असू शकला असता. त्यात आईच्या डोळ्यांचं दुखणं. डोळ्याचा पडदा खराब झालाय, दिवसेंदिवस कमीच होणार, इलाज नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. समोरचं बारीक काही दिसेना. मोठं, उजेडाचं असलं तर मान वाकडी करून कडेने थोडं दिसायचं. आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि त्या रात्री आई मला म्हणाली, "त्येंचं तोंड आठवंना गं. आवाज आठवतोय. तोंड आठवाय गेलं की त्या कारडावरचा चोरच म्होरं येतोय. समदं दिसायचं बंद व्हायच्या आदी मला एकडाव बघायचंय."

दुसरं काही तिने माझ्याकडे जन्मात मागितलं नव्हतं.

मी कोल्हापूरला आले ती तडक मालकांकडे गेले. तिथे पुण्याहून आलेली दोन पोरं बसलेली, एक मुलगा, एक मुलगी, गळ्यात आजोबांच्या काळातले कॅमेरे. कॉम्प्युटरवर कुठेतरी मालकांबद्दल वाचून ती शिकायला आली होती. मुलगी म्हणाली, "काका, सध्या फिल्म परत आलीय. सगळीकडे लोक पुन्हा फिल्मवर काढायला लागलेत."

"परत आली?" मालक म्हणाले. "गेलती कवा?"

चांगली होती पोरं, उगाच कशाला नावं ठेवू? मालकांच्या बोटांचे फोटो काढत होती, कुस्ती मोबाईलवर भरून घेत होती. मुलाने विचारलं पहिल्या औषधाची मिनिटं किती, तर मालकांनी त्याला धोबीपछाड करून दाखवली.

मी सगळं सांगितलं. आबांची स्लाईड पाहिजे म्हटलं. मुलगा लगेच म्हणाला, "मावशी, सोपं आहे. आम्ही पुण्याला नेऊन स्कॅन करतो. वर्तमानपत्राएवढा फोटो काढून देऊ. ती मधली लोकरही कॉम्प्युटरवर पुसून टाकू."

मला तर रडूच आलं. मी म्हटलं, "करा! आजच न्या!"

मालक उठले. "न्हाय."

"काय न्हाय?"

"नेऊ देणार न्हाय. आबाची घोंगडी पुसणारी ही कोन?"

माझं डोकंच फिरलं. टेलिफोन खात्यात कमावलेला सगळा आवाज मी लावला. म्हटलं, "तुम्हाला लोकर पाहिजे का माझा बाप पाहिजे? तिकडे माझी आई आंधळी होत चाललीय आणि तुम्ही इथं तत्त्वं कुरवाळताय! एक प्रत काढली तर काय आभाळ कोसळणार आहे? जाळा ती तुमची स्लाईड!" पुण्याची पोरं भिंतीला चिकटून उभी होती. मी तशीच निघून आले. चांगलं बोलले की वाईट, मला आजही त्याचा पस्तावा नाही. आईचा प्रश्न होता.

दोन दिवसांनी सकाळीच मालक माझ्या दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अंगात सदरा बघितला. काखेत वाकळीत बांधलेलं मोठं गाठोडं.

"वैनींना किती मोठं असलं म्हंजे दिसतं?" त्यांनी आईबद्दल विचारलं.

"मोठं. आणि उजेडाचं."

"मग वर्तमानपत्राएवढ्या कागदात काय दिसणार त्येंला? भिंतीएवढा आबा पायजे. गारगोटीची गाडी कितीला हाय?"

गाठोड्यात मशीन होतं. एसटीत त्यांनी ते खाली ठेवू दिलं नाही. प्रत्येक खड्ड्याला मांडीवरचं गाठोडं छातीशी धरायचे. वाटेत मला म्हणाले, "एक सांगून ठेवतो बाई. मशीनचा पंखा कवाच गेलाय. दिवा लई तापतो. स्लाईड लावली की जरा बघायचं, लगेच काढायची. जास्त ठेवली तर जळती. वैनींना सांगा, पटकन बघा म्हणावं."

गावात लोडशेडिंग, घरात लाईट दुपारचीच असायची. भावाने पुढची खोली रिकामी केली, खिडक्यांना वाकळा टांगल्या, दार लावून फटीत पोती कोंबली. बुद्धाची तसबीर आईने स्वतःच्या हाताने दुसऱ्या भिंतीला नेली. चुन्याची भिंत मोकळी झाली. शेजारपाजारची माणसं खाली बसली. आई अगदी पुढे, भिंतीपासून हातभर.

मालकांनी दिवा लावला आणि स्लाईड घातली. भिंतीवर आबा आले.

माझ्या वहिनीने तोंडावर पदर धरला. आई मात्र तशीच बसून. "उजेड दिसतोय नुसता," ती म्हणाली. मालकांनी झटकन स्लाईड काढली, मशीन उचलून पार गोठ्याच्या दारापर्यंत मागे नेलं, आणि पुन्हा लावली. आता आबांचं डोकं आढ्याला लागलं. एकेक डोळा परातीएवढा. आई उठली. कोंबडी दाणा बघताना करते तशी मान एका बाजूला वाकडी केली, एक पाऊल सरकली, पुन्हा मान वाकडी केली.

"आगं बया," आई म्हणाली. "दाढी न्हाय केली!"

तिने पदर खोचला आणि आबांना धारेवर धरलं.

"एवढा फोटू काढायचा हुता, लोकाच्या दारात जाऊन बसायचं हुतं, आन दाढी न्हाय करायची व्हय? किती डाव सांगितलं, जाताना तेवढी दाढी करून जावा. कवा ऐकलंय माझं? आन बोट कुणाला दाखवतायसा? भांडताय कुणासंगं?"

"माझ्यासंगं, वैनी," मालक अंधारातून म्हणाले.

"भांडणारच! जलमभर दुसरं काय केलंय?" आणि आई भिंतीजवळ गेली. आबांची हनुवटी तिच्या कपाळावर, खांद्यावर पडली. ती हात लावून लावून त्यांच्याशी बोलायला लागली. म्हैस विकल्याचं सांगितलं. नातीला शाळेत घातल्याचं सांगितलं. शेवटच्या तापात दवाखान्यात चला म्हटलं तर आला नाहीत म्हणून शिव्या घातल्या. रडत होती आणि शिव्या घालत होती.

मला वास आला. मशीनमधून बारीक धूर निघत होता. आबांच्या छातीपाशी एक तपकिरी डाग उठला आणि पसरायला लागला. मी मालकांच्या कानाशी लागले, "मालक, जळतंय. काढा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. भाऊ बटणाकडे झेपावला तर मालकांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. ज्या माणसाने स्लाईडला कधी अंगठा लागू दिला नाही त्याच्या डोळ्यांदेखत ती वाकडी होत होती, आणि तो आईकडे बघत होता.

"त्येंचं बोलणं हुंद्या," मालक म्हणाले.

डाग गळ्यापर्यंत आला, मग हनुवटी गेली, मग तोंड. आई शेवटपर्यंत डोळ्यांकडे बघत बोलत होती. मग डोळेही विरघळले आणि भिंत पांढरी झाली. मालकांनी दिवा बंद केला. कुणीतरी दारातलं पोतं काढलं, ऊन आत आलं.

भाऊ माझ्यासारखाच, तोंडाचा. "एकच फोटू हुता आबांचा," तो मालकांवर ओरडला. "एकच! आता काय बघायचं आमी?"

मालक खाली मान घालून उभे होते. मला त्या क्षणी भावाचंही पटत होतं आणि मालकांच्या पायाही पडावंसं वाटत होतं.

आईने डोळे पुसले आणि भिंतीचा आधार घेत वळली. "त्या माणसाला कुणी बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "मला दिसले."